विमानतळाच्या कंट्रोल टॉवरशी बोलताना घोळ होऊ नये म्हणून

सोलो, म्हणजे एकट्याने विमान उडवणं, सुरू झालंय ना, मग एक सवय आधी लाव, पीटीटी बटण (बोलताना दाबून धरायचं ते) दाबायच्या आधी दोन सेकंद ऐक, कारण व्हीएचएफ रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं गायब. १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात हेच झालं, पॅन ॲमच्या विमानातले पायलट सांगत होते की आम्ही अजून रनवेवरच आहोत, ते त्या शिट्टीत बुडालं, टेकऑफ घेणारं दुसरं विमान त्यांच्यावर धडकलं, ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना नाहीतर रद्द करताना, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

बटण दाबल्या दाबल्या तोंड उघडू नको, कॉलसाइनचं (रेडिओवरच्या तुझ्या विमानाच्या नावाचं) पहिलं अक्षरच कापलं जातं (माझं कितीतरी दिवस हेच चालायचं). रीडबॅक, म्हणजे टॉवरने सांगितलेलं परत म्हणून दाखवणं, पूर्ण दे, रनवे, उंची, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) सगळं, नुसतं 'रॉजर' (ऐकलं) चालत नाही. नाही कळलं तर बिनधास्त 'से अगेन' (परत सांगा) म्हण.

आणि रेडिओवर अचानक सगळं शांत झालं तर? आधी व्हॉल्यूम आणि हेडसेटचा जॅक बघ, बऱ्याचदा तोच सैल असतो. तरी नाहीच तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा कोड पाठवणारं यंत्र) ७६००, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा कोड, टाक आणि टॉवरकडे लक्ष ठेव, हवेत असताना स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा.