एचपीव्हीची लस सक्तीची करावी का? पालकसभेत हा वाद निघाला तर काय विचारायचं, कसं बोलायचं

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू, त्यापासून मुलींना वाचवणारी जी लस आहे तिचा विषय पालकांच्या ग्रुपवर एकदा निघाला की तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सरळ सक्ती करा नाहीतर लोक घेणारच नाहीत, दुसरी म्हणते आमच्या मुली काय प्रयोगासाठी आहेत का, आणि ज्या आया खरोखर गोंधळलेल्या असतात त्या मधल्या मधे गप्प बसतात. हे त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना तुम्हाला माहीत असेल मी कुठल्या बाजूने बोलतेय: लस चांगली आहे, प्रत्येक मुलीला मिळालीच पाहिजे, फुकट मिळाली पाहिजे, पण सक्ती नको. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्यात जातात, त्यामुळे हा वाद नुसता जिंकायचा म्हणून घालू नका.

आधी कागद मागा

"सरकारने कंपल्सरी केलंय" असा मेसेज आला की पहिलं विचारायचं, जीआर कुठला, तारीख काय, सही कोणाची. उगाच खोड काढायची म्हणून नाही, खरंच फरक पडतो म्हणून. कोरोनाच्या वेळचं मुंबईच्या लोकलचं आठवा. १५ ऑगस्ट २०२१ पासून कोरोनाच्या लसीचे दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलमध्ये चढता येत होतं, लस न घेतलेल्याला कामावर जायचं तर दुसरा मार्ग शोधायचा. ते प्रकरण हायकोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सरकारला सुनावलं की हे आदेश कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने निघालेलेच नाहीत, समितीने मिळून ठरवायचं ते मुख्य सचिवांनी एकट्याने ठरवलंय. मग १ मार्चला नवा आदेश आला, त्यात परत दोन डोसची अट, आणि शेवटी २ एप्रिलला गुढीपाडव्यापासून सगळेच निर्बंध उठले. म्हणजे कित्येक महिने लाखो लोकांनी जो नियम पाळला त्याचा पायाच कोर्टात टिकला नाही. म्हणून कागद मागायचा. शाळेने स्वतःच नोटीस काढली असेल तर कुठल्या आदेशावरून काढली तेही विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल कोणी तोंडावर फेकला तर तो पूर्ण वाचा, कारण दोन्ही पार्ट्या त्याचा अर्धा अर्धा भाग फिरवतात. कोरोनाच्या लसीबद्दलचा, २ मे २०२२ चा जेकब पुलियल खटल्यातला निकाल, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि गवई. त्यात म्हटलंय की आपल्या शरीरावर आपला हक्क हा घटनेच्या कलम २१ मध्येच येतो, कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. पण त्याच निकालात हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, फक्त ती प्रमाणात हवीत आणि त्यांना आधार हवा. त्यावेळी लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवली नाही, म्हणून कोर्टाने ती बंधनं योग्य मानली नाहीत. सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र कोर्टाने चुकीचं ठरवलं नाही. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली ठेवा असंही सांगितलं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही.

मग विचारा: ही लस नक्की कोणाला वाचवते?

सगळा वाद खरं तर इथे सुटतो किंवा अडकतो. गोवरचं उदाहरण घ्या, एका आजारी मुलापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते, साथ थांबवायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस झालेली लागते, त्यामुळे तुम्ही तुमच्या मुलाला दिली नाहीत तर शेजारच्या बाकावरच्या मुलाला धोका. तिथे सक्तीची बाजू मजबूत आहे. धनुर्वाताचं उलट, तो माणसाकडून माणसाला होतच नाही, लस फक्त घेणाऱ्यालाच वाचवते. एचपीव्ही या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. तो वर्गात शिंकून पसरत नाही, पुढे आयुष्यात शारीरिक संबंधातून पसरतो, त्यामुळे "बाकीच्या मुलींना धोका आहे म्हणून हिला शाळेत घेऊ नका" हे म्हणणं टिकत नाही. पण दुसऱ्यांना फायदा होतच नाही असंही नाही, ऑस्ट्रेलियात आधी फक्त मुलींना लस दिली तरी तिथल्या तरुण मुलांमध्येही या विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी कमी झाल्या. (आणि मुलांकडूनही हा पसरतो, तर सक्ती फक्त मुलींवर का, हा प्रश्न सभेत नक्की विचारा.)

सक्तीच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नका. निर्णय आईबाप घेतात, आणि त्याचे परिणाम मुलगी वीस तीस वर्षांनी भोगते. बारा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं? घरात आजी नको म्हणाली किंवा बाबांनी फॉर्मवर सही केली नाही तर तिचा हक्क कोण सांभाळणार? याला माझं उत्तर असं आहे की मुलीचा हक्क सांभाळायचा असेल तर आधी तिच्यापर्यंत लस पोचवा, आधी तिच्या आईशी बोला, आणि हे सगळं मनापासून करून झाल्यावर उरलेल्या मोजक्या घरांचा विचार करा. आपल्याकडे उलटं होतं, पोचवायच्या आधीच शिक्षा ठरते. भारतात बनलेली पुण्याच्या सीरम कंपनीची एचपीव्हीची लस, सर्व्हाव्हॅक, बाजारात आली तेव्हा खासगी दवाखान्यात एका डोसची किंमत दोन हजारांच्या घरात होती. घरात दोन मुली असलेल्या, रोजावर जाणाऱ्या बाईला सक्ती म्हणजे काय ते या आकड्यातच कळतं.

नाही म्हटलं तर काय होणार, ते स्पष्ट बोलायला लावा

"सक्ती करा" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? नुसतं पत्र पाठवायचं का, नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या असं सांगायचं, दंड लावायचा, का शाळेत घ्यायचं नाही? या प्रत्येकात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याने तिथपर्यंत विचार केलेला नसतो. शाळेत घेऊ नका हे तर बोलूच देऊ नका, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे, आणि लस नाही म्हणून मुलगी घरी बसली तर तिचं दुप्पट नुकसान, लसही नाही आणि शाळाही नाही.

बाहेरची उदाहरणं लोक देतातच, तर ती नीट द्या. अमेरिकेत टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी २००७ मध्ये सहावीत जाणाऱ्या मुलींना ही लस सक्तीची करणारा आदेश काढला. लस बाजारात येऊन जेमतेम वर्ष होत होतं, त्यातून त्यांचेच एक जुने सहकारी लस कंपनीसाठी लॉबिंग करत होते हे बाहेर आलं, आणि काही महिन्यांत तिथल्या विधिमंडळाने आदेश उलटवला. लसीबद्दल संशय तेवढा मागे राहिला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी शाळाशाळांत फुकट द्यायला सुरुवात केली, पालकांची परवानगी घेऊन, आणि बहुसंख्य मुलींना लस झाली. रवांडाने २०११ मध्ये शाळांमधूनच नव्वद टक्क्यांच्या वर मुली गाठल्या. आपल्या सिक्कीमने २०१८ मध्ये आधी शिक्षकांशी, पालकांशी बोलून मग शाळांत लस दिली, तिथेही प्रमाण नव्वदीच्या वर गेलं. आणि पोलिओ तर आपणच घालवला, घरोघर फिरून, नकार देणाऱ्या वस्त्यांत परत परत जाऊन, तिथल्याच बायका आणि मौलवी यांना सोबत घेऊन. दार उघडत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकून नाही.

खम्ममबद्दल कोणी बोललं तर

बोलणारच कोणीतरी, आणि त्यांना गप्प करू नका, कारण तिथे जे झालं ते खरं आहे आणि ते अर्धवट सांगितलं जातं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला, बऱ्याच मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. त्यातल्या सात मुलींचा नंतर मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत दिसलं की मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, कोणी बुडालं होतं, कोणाला साप चावला होता, कोणी कीटकनाशक प्यायलं होतं. पण त्याच चौकशीत हेही निघालं की कित्येक परवानगीच्या फॉर्मवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर फार कडक शब्दांत लिहिलं आणि बरोबरच लिहिलं. म्हणजे लस दोषी नव्हती, वागणूक दोषी होती, आणि त्या वागणुकीची किंमत पुढची कित्येक वर्षं मुलींनी दिली कारण सरकारं या लसीला हात लावायला घाबरू लागली.

त्यातूनच निघालेली एक गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगते. त्याच काळात बार्शी, पुणे, मुंबई आणि देशात इतर ठिकाणी दुसरा एक अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात का तीन लागतात हे बघायला. एप्रिल २०१० च्या त्या आदेशाने तोही मधेच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि दिसलं की एका डोसनेही या विषाणूच्या सगळ्यात घातक दोन प्रकारांपासून दहा वर्षांपर्यंत जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतंय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं त्यामागे या आपल्या मुलींचा मोठा वाटा आहे. "आपल्या लोकांवर कुठे तपासलंय" असं कोणी म्हणालं तर त्यांना बार्शीचं नाव सांगा.

घाबरलेल्या आईशी

तिला आकडे फेकून मारू नका. "ताई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" एवढंच विचारा आणि ऐका. बहुतेक वेळा उत्तर असतं पुढे मूल होणार नाही, किंवा मुलगी बिघडेल. पहिल्याला सांगायचं की जगात कोट्यवधी मुलींना ही लस २००६ पासून मिळतेय आणि मूल न होण्याशी संबंध सापडलेला नाही, उलट या कॅन्सरच्या उपचारातच गर्भाशय काढायची वेळ येते. दुसऱ्याला सांगायचं की लस लवकर देतात कारण त्या वयात शरीर जास्त चांगली प्रतिकारशक्ती तयार करतं आणि विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तरच पूर्ण फायदा होतो, लग्न कितीही उशिरा झालं तरी. फॉरवर्डमध्ये "लस घेतल्यावर मुलगी गेली" असं आलं तर लगेच खोटं म्हणू नका, विचारा की किती दिवसांनी, कशाने, डॉक्टरांनी काय लिहिलं, कारण लाखो मुलींना लस दिली की त्यातल्या काहींना त्याच महिन्यात दुसऱ्या कारणाने काहीतरी होणारच आणि ते वेगळं काढावं लागतं. भीती वाढू दिली तर काय होतं ते जपानने बघितलंय, तिथे २०१३ मध्ये सरकारने शिफारस मागे घेतली आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं, परत शिफारस सुरू व्हायला २०२२ उजाडलं.

आणि दुसऱ्या बाजूचे जे लोक नको म्हणणाऱ्यांना अडाणी म्हणतात त्यांनाही थांबवा, प्रेमाने पण थांबवा. ज्या बाईचा एकदा सगळ्यांदेखत अपमान झाला ती परत लसीच्या रांगेत येत नाही.

सभा संपायच्या आधी लेखी काय मागायचं

मुख्याध्यापक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने एकच अर्ज करा, जमतील तेवढ्या पालकांच्या सह्या घ्या. त्यात लिहा की परवानगीचा फॉर्म सोप्या मराठीत हवा, निदान आठवडाभर आधी घरी यायला हवा, त्यावर हो आणि नाही दोन्हीला जागा हवी आणि नाही लिहिलं म्हणून वर्गात मुलीचं नाव घेतलं जाऊ नये. शिक्षकांनी पालकांच्या वतीने सही करायची नाही हे वेगळ्या ओळीत लिहा, खम्ममनंतर यावर तडजोड नाही. मुलींशी सिस्टरने किंवा डॉक्टरबाईंनी आधी स्वतः बोलावं. लस झाल्यावर अर्धा तास मुलींना बसवून ठेवायची सोय हवी कारण या वयात सुई बघूनच चक्कर येते, पडून डोक्याला लागतं. त्रास झाला तर कोणाला फोन करायचा तो नंबर फॉर्मवरच छापा, आणि आलेल्या तक्रारीची नोंद कुठे होते, पालकांना ती बघायला कशी मिळेल हेही विचारा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या आणि आधी नाही म्हणून नंतर मन बदललेल्या मुलींसाठी दुसरी तारीख मागा, ती फार लोकांना उपयोगी पडते.

अर्जात शेवटची एक मागणी आयांसाठी जोडा. लस मुलींना, पण आज धोका त्यांच्या आयांना आहे आणि लस झालेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागणारच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तर मुलींच्या लसीच्याच दिवशी आरोग्य केंद्राने आयांसाठी तपासणीची तारीख जाहीर करावी असं लिहा आणि अर्जाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.