ब्लूटूथ सीरियलमध्ये बाइट गळतायत? आधी वायरीकडचा भाग तपासा

एचसी-०५ (फोनला ब्लूटूथने जोडणारं छोटं मॉड्यूल) वर डेटा गळू लागला की 'अंतर कमी करा, अँटेना बदला' हाच सल्ला मिळतो आणि बहुतेक वेळा तो फुकट जातो. हवेत खराब झालेलं पॅकेट ब्लूटूथ स्वतःच पुन्हा पाठवतं. सिग्नल कमजोर असेल तर डेटा उशिरा येतो किंवा लिंकच तुटते. मधलेच चार बाइट गायब झाले, तर संशय मॉड्यूल आणि मायक्रोकंट्रोलरमधल्या यूएआरटीवर (दोन वायरींच्या सीरियल जोडणीवर) घ्या.

खात्रीसाठी मॉड्यूलचे टीएक्सडी (पाठवणारी) आणि आरएक्सडी (घेणारी) या पिना बोर्डापासून सोडवून एकमेकांना जोडा आणि फोनवरून क्रमांक घातलेल्या २०० ओळी पाठवा. सगळ्या परत आल्या, तर रेडिओ निर्दोष.

आरएक्सडीला ३.३ व्होल्टच द्या (व्होल्टेज कमी करणारा, १ आणि २ किलोओहम रोधकांचा डिव्हायडर). बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) दोन्हीकडे एकच ठेवा. गळतीऐवजी कचरा दिसत असेल, तर चूक इथेच आहे.

आता खरी मेख. आर्डुइनो युनो बोर्डाचा रिसिव्ह बफर (आलेले बाइट वाचेपर्यंत साठवणारी जागा) ६४ बाइटांचा असतो. ९६०० बॉडला तो सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरतो, ११५२०० ला साडेपाचमध्ये. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य कोडमध्ये) १०० मिलिसेकंदांचा डिले म्हणजे थांबा असेल, तर बफर भरल्यानंतर आलेले बाइट गुपचूप टाकून दिले जातात, कुठलीही एरर येत नाही. खूण ओळखा: सलग आलेल्या डेटाचे पहिले साठेक बाइट शाबूत, पुढचे गायब. डिले काढा, वेळ मिलिस (millis) या फंक्शनने मोजा. प्रत्येक फेरीत बफर रिकामा होईपर्यंत वाचून बाइट स्वतःच्या अ‍ॅरेत ठेवा आणि ओळ पूर्ण झाल्यावरच पुढचं काम करा.

नुसता बफर वाढवू नका. डेटा सरासरीनेच जास्त वेगाने येत असेल, तर गळती फक्त थोडी उशिरा सुरू होईल. निओपिक्सेलची (रंगीत एलईडी दिव्यांची) पट्टी असेल तर बफर वाढवूनही उपयोग नाही: १०० दिव्यांना सुमारे ३ मिलिसेकंद इंटरप्ट (आलेला बाइट लगेच उचलून बफरमध्ये ठेवणारी यंत्रणा) बंद राहतात. ११५२०० ला तेवढ्यात तीसेक बाइट येतात आणि हार्डवेअर जेमतेम दोन-तीनच धरून ठेवतं. अशा वेळी ५० बाइटांचं पॅकेट पाठवा, पोच आल्यावरच पुढचं. त्यात अनुक्रमांक, लांबी आणि सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासणारा अंक) हवाच. त्याशिवाय काय गळलं हे कळणारच नाही. सॉफ्टवेअर सीरियल (साध्या पिनांवर कोडने चालवलेलं सीरियल) वापरणारच असाल, तर ३८४०० च्या वर जाऊ नका.

अ‍ॅपमध्ये एक संदेश दोन तुकड्यांत आला, तर ती गळती नव्हे. सीरियल हा सलग प्रवाह आहे. ओळीचं शेवटचं चिन्ह येईपर्यंत तुकडे जोडत राहा.