जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: प्रोग्रॅमिंगसाठी मशीन कसं तयार करावं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप घरोघरी कपाटात गेले. प्रोग्रॅमिंग शिकायला किंवा रोजचं काम करायला त्यातला बहुतेक कुठलाही चालतो. त्यावर विंडोजच्या जागी किंवा शेजारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. तिचे अनेक प्रकार आहेत, त्यातलं कोणतं लिनक्स घ्यावं यावर जाणकार रात्र रात्र वाद घालतात, त्यात पडू नका. अडल्यावर उत्तर पटकन सापडलं पाहिजे, एवढाच निकष लावा आणि उबुंटू २४.०४ एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती, घ्या. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहतील. तिला किमान ४ जीबी रॅम लागते असं सांगतात, पण ब्राउझर आणि एडिटर (कोड लिहायचं ॲप) एकदम उघडे ठेवायचे तर ८ जीबी हवीच. रॅम ४ जीबीच असेल तर हलकं झुबुंटू टाका, फक्त त्याचा सपोर्ट तीनच वर्षांचा असतो. खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या हार्डडिस्कवर बसलेला माणूस लिनक्सला नावं ठेवतो आणि दोष डिस्कचा असतो.

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, दहावीचं मार्कशीट, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, विंडोजला अर्धवटच बंद करणारं फास्ट स्टार्टअपही बंद करा. मग उबुंटूच्या साइटवरून सुमारे ६ जीबीची आयएसओ फाइल उतरवा, सगळी सिस्टिम त्या एका फाइलमध्ये असते. ती अखंड उतरली का हे कळायला तिचा शा-२५६ आकडा साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा आणि रुफस किंवा बलेना एचर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून ‘ट्राय’ हा पर्याय निवडा आणि वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर झोपून परत जागं होणं, एवढं तपासा. वायफाय दिसलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की बहुतेक वेळा नेट मिळतं आणि पुढे ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून योग्य ड्रायव्हर घेता येतो. इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला असू द्या. लाइट जाईल आणि जुनी बॅटरी दहा मिनिटंही धरणार नाही, हा योग इथेच जुळून येतो. युजरनेम रोमन छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग हाताने पाडायची, कारागिरी पहिल्यांदा करू नका. पूर्ण डिस्क लिनक्सला देत असाल आणि लॅपटॉप लोकलने, एसटीने फिरणारा असेल, तर एन्क्रिप्शन निवडा. तो पासवर्ड विसरलात तर मात्र डेटा गेला.

दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना एक गंमत दिसेल. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिली की दोघांचं जमतं.

आता खरं काम. टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ चालवा. सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं आणि ॲप्ट म्हणजे पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बसवणारं साधन. त्यानंतर तीन पॅकेजं घ्या: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट कर्ल’. पहिल्यात सी आणि सी++ चे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारे) आणि ते काम क्रमाने करवणारं मेक येतं. गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं आणि कर्ल नेटवरून फायली उतरवतं. पायथन ही भाषा किंवा जावास्क्रिप्ट चालवणारं नोड यांची काही पॅकेजं बसताना आतून सी कोड कंपाइल करतात, म्हणून सी शिकायचं नसलं तरी हे लागतं.

यापुढे एक नियम पाळा: सिस्टिमचं सिस्टिमकडे, आपलं आपल्या होम फोल्डरमध्ये. हा मी किंमत देऊन शिकलो. एकदा पायथनची आवृत्ती आवडली नाही म्हणून ‘ॲप्ट रिमूव्ह’ने तिला काढलं. सोबत काय काय जाणार याची भलीमोठी यादी समोर आली होती, ती न वाचता वाय दाबलं. पुन्हा सुरू केल्यावर समोर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं पायथनवर उभी आहेत आणि मी पायाचाच दगड उपसला होता.

म्हणून सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका. २४.०४ मध्ये नुसतं पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलंत तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा एरर येतो. तो जबरदस्तीने ओलांडायचा सल्ला नेटवर मिळेल, तो ऐकू नका. ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज घ्या आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ पुढे नाव देऊन वेगळं वातावरण करा. बिघडलं तर तेवढाच फोल्डर उडवायचा. नोड हवं असेल तर एनव्हीएम या नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून घ्या, ते होममध्येच बसतं. एखादी आज्ञा सुडोशिवाय चालत नसेल तर आधी थांबून कारण शोधा. प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणारं डॉकर गरज पडेल तेव्हाच घ्या. आपलं नाव डॉकर ग्रुपमध्ये घालणं म्हणजे त्याला जवळजवळ रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाचे, अधिकार देणं, हे ध्यानात ठेवून घाला.

गिटला आपलं नाव आणि ईमेल ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल’ने सांगा. गिटमधला कोड नेटवर ठेवायची जागा म्हणजे गिटहब, ते १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी (कोड तिथे पाठवण्यासाठी) खात्याचा पासवर्ड घेत नाही, म्हणून ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने किल्ल्यांची जोडी तयार करा. नावाच्या शेवटी पब असलेली फाइल गिटहबला द्यायची. दुसरी कुणालाही नाही, मित्रालाही नाही.

एडिटर कोणताही घ्या.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण देवनागरी कीबोर्ड जोडा, सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. इनस्क्रिप्टची सवय नसेल तर ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज घ्या, त्यात रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारं गमभनही आहे. पण फोल्डर आणि फाइलींची नावं रोमनमध्येच ठेवा, कारण टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा विस्कटतात.

सगळं नीट चालू झालं की टाइमशिफ्ट या ॲपने एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडल्यास परत जाता येईल अशी त्या क्षणाची प्रत, घ्या. तो सिस्टिमचा असतो, होममधल्या फायली त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा ठेवा. आणि आजवर दिलेल्या आज्ञा एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती गिटमध्ये टाका. पुढचा लॅपटॉप लावताना हीच फाइल समोर ठेवायची.

शेवटी चाचणी. नवा फोल्डर, त्यात व्हेन्व्ह, ‘नमस्ते’ हा शब्द आणि त्याची लांबी छापणारा दोन ओळींचा पायथन प्रोग्रॅम, मग कमिट (गिटमध्ये बदलाची नोंद) आणि पुश. लांबी ३ नाही, ६ येईल. मशीन बिघडलेलं नाही. न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असं पायथन सुटं सुटं मोजतं, म्हणून.