तीन शाखांतले पेपर वाचताना बोट कुठे ठेवायचं

अर्थशास्त्र, वायरलेस आणि मुलांची आकलनशक्ती या तिन्ही विषयांचे पेपर एकाच चष्म्यातून वाचायला गेलं की फसगत ठरलेली. प्रत्येक शाखेची कच्ची बाजू वेगळ्या ठिकाणी असते. अर्थशास्त्रात ती तुलनेच्या गटात सापडते, वायरलेसमध्ये गृहीतकांत आणि ग्राफच्या आडव्या अक्षावर, आणि बालआकलनात मुलांच्या संख्येत. सारांश मात्र तिन्हीकडे सारखाच गुळगुळीत. तो एकदा वाचायचा आणि थेट कच्च्या जागेकडे वळायचं.

हात बसवायला गेन्ट्झको आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांचा २००८ चा पेपर घ्या, कारण त्यात तिन्ही शाखांचे धागे आहेत. प्रश्न असा: शाळेत जाण्याआधीच्या वयात घरात टीव्ही असला, तर पुढे किशोरवयात परीक्षेच्या गुणांवर काय परिणाम होतो? टीव्ही असलेली आणि नसलेली घरं शेजारी ठेवून उपयोग नाही. ती पैसा, शिक्षण, राहणीमान अशा सगळ्याच बाबतींत वेगळी असतात. म्हणून त्यांनी अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांत टीव्ही वेगवेगळ्या वर्षी पोहोचला, या गोष्टीचा आधार घेतला. हा फरक वाढण्यामागे रेडिओलहरींचं कारण होतं. एकाच चॅनेलवरची स्टेशनं फार जवळ बसवल्यामुळे ती एकमेकांत मिसळू लागली, म्हणून तिथल्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर १९४८ ते एप्रिल १९५२ या काळात नव्या स्टेशनांचे परवाने थांबवले. ज्या शहराचा परवाना त्याआधी निघाला तिथली मुलं टीव्हीसमोर वाढली, बाकीच्यांना थांबावं लागलं. गुणांचा डेटा १९६५ च्या एका मोठ्या शालेय पाहणीतला.

निष्कर्ष: टीव्हीचं एक वर्ष वाढलं की गुण सरासरीने ०.०२ प्रमाण विचलनाने वाढतात (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप). इथे नवखा वाचक ‘काहीच परिणाम नाही’ असं लिहून मोकळा होतो. तो आकडा बाजूला ठेवून पुढचं वाक्य वाचा: वर्षाला साधारण ०.०३ पेक्षा मोठा वाईट परिणाम हा डेटा नाकारतो. पेपरचं खरं वजन या वाक्यात आहे. शून्याजवळचा अंदाज अरुंद मर्यादांत बसत असेल तर ती माहिती आहे. तोच अंदाज −०.५ ते +०.५ अशा मर्यादांत असता, तर पेपरला काहीच कळलेलं नाही असं म्हणावं लागलं असतं. त्यामुळे तिन्ही शाखांत अंदाजाआधी विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या आत असावा ती दोन टोकं, वाचायची सवय लावा.

अर्थशास्त्र: तुलना कोणाशी?

पहिलं टेबल बहुतेक वाचक ओलांडून जातात. त्यात दोन्ही गटांची सुरुवातीची सरासरी असते आणि ते सारखे होते का, हे तिथेच कळतं. त्यानंतर काळानुसारचा ग्राफ शोधा. धोरण लागू होण्याआधी दोन्ही गटांच्या रेषा समांतर जात होत्या का? ‘आधी-नंतर, इथे-तिथे’ अशी दुहेरी वजाबाकी करणारा पेपर या एका गृहीतकावर उभा असतो.

कार्ड आणि क्रुगर यांचा किमान वेतनावरचा १९९४ चा पेपर घ्या. न्यू जर्सीत एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. ४१० फास्ट-फूड दुकानांची पाहणी झाली आणि नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. पण पाहणी फक्त दोनदा झाली, एकदा वाढीआधी आणि एकदा नंतर. दोन बिंदूंतून रेषा समांतर होत्या की नाही हे कळत नाही. पुढे न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांच्या नोंदींवरून उलट चित्र मांडलं, आणि कार्ड-क्रुगर यांनी सरकारी नोंदी घेऊन उत्तर दिलं. म्हणजे अर्थशास्त्राचा पेपर एकटा वाचून चालत नाही. गूगल स्कॉलरवर ‘याचा संदर्भ कोणी दिला’ ही यादी उघडा आणि त्यातले ‘टिप्पणी’ व ‘प्रत्युत्तर’ आधी काढा.

दुसरी तपासणी प्रमाण त्रुटींची, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे या मापाची. एकाच राज्यातल्या माणसांची, एकाच ठिकाणच्या लागोपाठच्या वर्षांची मोजमापं एकमेकांत गुंतलेली असतात. ती सुटी धरली की त्रुटी लहान दिसते आणि पी-मूल्य (परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) खाली येतं. बर्ट्रांड, दुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये लुटुपुटीचे, कधी अस्तित्वातच नसलेले कायदे डेटात टाकून पाहिले. नेहमीच्या पद्धतीने त्यांतल्या ४५ टक्क्यांपर्यंत कायद्यांचा ‘परिणाम’ ५ टक्के पातळीवर सिद्ध झाला. म्हणून टेबलाखालची बारीक अक्षरं वाचा. धोरण राज्य पातळीवर बदललं असेल तर त्रुटीही राज्यानुसार गटवलेल्या, म्हणजे एका राज्यातल्या नोंदी गुंतलेल्या धरून काढलेल्या हव्यात. आणि अशी राज्यं पाच-सातच असतील तर गटवूनही भागत नाही.

तिसरी: डेटाची फाइल. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१० च्या पेपरात सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांची सरासरी वाढ −०.१ टक्के दाखवली होती. २०१३ मध्ये हर्न्डन, अॅश आणि पोलिन यांनी मूळ स्प्रेडशीट तपासली तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटल्याचं दिसलं, शिवाय काही वर्षं गाळलेली आणि देशांना दिलेलं वजन शंकास्पद. सगळं धरून आकडा २.२ टक्के निघाला. फाइल उपलब्ध असेल तर निदान मुख्य टेबलाची एक ओळ स्वतः काढून पाहा.

वायरलेस: गृहीतकांची ओळ आणि आडवा अक्ष

इथे बरेच पेपर सिम्युलेशनवर उभे असतात, त्यामुळे वाद आकड्यांपेक्षा मांडणीचा. ‘सिस्टिम मॉडेल’ या विभागात ‘चॅनेलची अचूक माहिती उपलब्ध आहे असे मानू’ हे वाक्य शोधा (चॅनेल म्हणजे सिग्नलची हवेतली वाट). प्रत्यक्षात ती माहिती पायलट सिग्नल (आधीच ठरलेला, ओळखीचा सिग्नल) पाठवून अंदाजाने मिळवावी लागते आणि त्यात वेळ आणि पॉवर दोन्ही जातं. मग पेपरातली बढत टिकते का, हे वेगळ्या ग्राफमध्ये दाखवलेलं असलं पाहिजे. नसेल तर ती बढत उधारीची समजा.

मग कागद-पेन्सिल घेऊन शॅननची मर्यादा, म्हणजे चॅनेलमधून बिनचूक जाऊ शकणाऱ्या डेटाचा कमाल वेग, काढा. सूत्र १९४८ चं, पण खोटं पकडायला आजही तेच बरं: बँडविड्थ गुणिले (एक अधिक सिग्नल-नॉइज गुणोत्तर) याचा दोन पायाचा लॉग. नॉइज म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला गोंगाट. २० मेगाहर्ट्झ आणि २० डेसिबल (गुणोत्तर मोजायचं लॉगचं एकक, दर १० डेसिबलला दहापट) असेल तर गुणोत्तर १००, लॉग ६.६६, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ मेगाबिट. एकच अँटेना वापरून त्याहून जास्त दाखवलं असेल तर कुठेतरी चूक आहे. नॉइजचा तळही तपासा: खोलीच्या तापमानाला हर्ट्झमागे −१७४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल), २० मेगाहर्ट्झचे ७३ डेसिबल मिळवले की −१०१. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज ७ डेसिबल धरला तर −९४. याच्या बऱ्याच खाली साध्या रिसीव्हरने सुखाने डेटा घेतल्याचं लिहिलेलं असेल तर कोडिंग (चुका दुरुस्त करायला घातलेले जादा बिट) किंवा स्प्रेडिंग (सिग्नल जास्त बँडविड्थवर पसरणं) कुठे आहे ते विचारा.

चुकांच्या प्रमाणाच्या ग्राफमध्ये आडव्या अक्षावर नेमकं काय आहे? प्रत्येक बिटमागची ऊर्जा की प्रत्येक सिम्बॉलमागची, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या चिन्हामागची? १६-क्वॅम या बिट पाठवायच्या पद्धतीत एका सिम्बॉलवर चार बिट असतात, म्हणजे कोडिंग नसताना अक्षाचं नुसतं नाव बदललं की ६ डेसिबलचा फरक पडतो. दोन पेपरांचे वक्र एकमेकांवर ठेवण्याआधी हे जुळवलं नाही तर तुलनाच बाद.

फेडिंगचा, म्हणजे वाटेत सिग्नल कमीजास्त होण्याचा, प्रश्न तर याहून मोठा. साध्या बीपीएसके पद्धतीला (एका सिम्बॉलवर एकच बिट) हजारात एक बिट चुकण्याची पातळी गाठायला फेडिंग नसताना सुमारे ६.८ डेसिबल पुरतात. रेले फेडिंगमध्ये (थेट वाट नसून सिग्नल अनेक वाटांनी येतो तेव्हा) २४ लागतात. सतरा डेसिबल म्हणजे पन्नासपट पॉवर. नवी पद्धत फेडिंगविना तपासून मोबाइलसाठी उपयोगी म्हटलेली असेल, तर हे पन्नासपट विसरू नका.

वक्राचं शेवटचं टोक खडबडीत दिसलं की चुकांची संख्या मोजा. शंभर चुका मोजल्या तर अंदाजात साधारण १० टक्क्यांची डळमळ असते, दहाच मोजल्या तर ३२ टक्क्यांची. म्हणजे लाखात एक चूक दाखवायची असेल तर शंभर चुका मिळायला किमान एक कोटी बिट चालवायला हवेत. पेपरच्या लेखकांनी किती चालवले?

बालआकलन: किती मुलं आली, किती मोजली?

तान्ह्या मुलांना प्रश्न विचारता येत नाही, म्हणून ती कुठे किती वेळ बघतात हे मोजतात. तेच चित्र वारंवार दाखवलं की मूल कंटाळतं. बघण्याचा वेळ सुरुवातीच्या निम्म्यावर आला की नवं दाखवतात. इथली मेख अशी की मुलाने नव्याकडे जास्त बघितलं तर ‘फरक ओळखला’ आणि ओळखीच्याकडे जास्त बघितलं तरी ‘फरक ओळखला’ असं म्हणता येतं. दोन्ही खरंही असू शकतं, कारण थोडाच वेळ दाखवलेल्या गोष्टीकडे मुलं बरेचदा परत वळतात. पण कुठली दिशा अपेक्षित होती हे डेटा गोळा करण्याआधी नोंदवलेलं नसेल, तर निकालाला फारसा अर्थ राहत नाही.

पद्धतीच्या विभागात वगळलेल्या मुलांचं वाक्य असतं: रडली म्हणून इतकी, झोपली म्हणून इतकी, यंत्र बिघडलं म्हणून इतकी. रडणारं मूल वगळणं रास्तच. पण नियम आधी ठरला होता का, आणि दोन्ही गटांतून सारखीच मुलं गळाली का, हे पाहा. मांडीवर बसवणाऱ्या पालकाला पडदा दिसत होता का? व्हिडिओवरून वेळ मोजणाऱ्याला कुठला प्रसंग चालू आहे हे माहीत होतं का? या दोन वाटांनी अपेक्षा गुपचूप आत शिरते.

आता संख्या. दोन गटांत १६-१६ मुलं असतील आणि खरा फरक ०.५ प्रमाण विचलन असेल, तर तो पकडला जाण्याची शक्यता ३० टक्क्यांहून कमी. ८० टक्के शक्यतेसाठी प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. दुसरी बाजू जास्त घातक आहे: १६-१६ मध्ये पी-मूल्य ०.०५ खाली यायला फरक किमान ०.७२ दिसावा लागतो. म्हणजे खरा फरक ०.५ असला तरी जो पेपर छापून येईल त्यात तो फुगलेलाच असणार. लहान पेपरांची सरासरी काढूनही ही सूज उतरत नाही. मेनीबेबीज प्रकल्पात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळांवर, लाडीगोडीच्या सुरातलं बोलणं बाळांना जास्त आवडतं का, हे २०२० मध्ये तपासलं. परिणाम ०.३५ प्रमाण विचलन निघाला; जुन्या पेपरांच्या एकत्रित अंदाजाच्या साधारण निम्मा. परिणाम आहे, पण तेवढा नाही.

समोरचा एक मार्शमेलो (एक मऊ गोड पदार्थ) लगेच न खाता थांबून दोन मिळवण्याच्या, मुलांच्या संयमाच्या चाचणीचंही असंच झालं. वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांचा डेटा घेतला तेव्हा थांबण्याचा पुढच्या गुणांशी संबंध मूळच्या पेपरातल्या निम्माच दिसला. घरची परिस्थिती आणि आधीची आकलनक्षमता धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गेला. इथे अर्थशास्त्राचा प्रश्न बालआकलनात कामी येतो: हे मूल ज्याच्याशी ताडून पाहताय, ते दुसरं मूल कोणत्या घरातलं?

शब्द आणि लॉग

टिपणं काढताना प्रत्येक शब्दापुढे शाखा लिहा. ‘पॉवर’ वायरलेसमध्ये वॉटमध्ये मोजतात, बाकी दोघांत ती खरा परिणाम सापडण्याची शक्यता असते. ‘चॅनेल’ म्हणजे वायरलेसमध्ये हवेतली वाट, अर्थशास्त्रात परिणाम पोहोचण्याचा मार्ग. अर्थशास्त्रातला ‘सिग्नल’ नोकरी मागणाऱ्याची पदवी असू शकतो.

लॉग मात्र दोन शाखांना सारखाच छळतो. अर्थशास्त्रात लॉग-वेतनाचा गुणांक (एका घटकामुळे वेतनाचा लॉग किती बदलतो तो आकडा) ०.०५ असेल तर ५ टक्के म्हणायला हरकत नाही, ०.५ असेल तर वाढ ६५ टक्के असते, ५० नव्हे, आणि −०.५ असेल तर घट ३९ टक्के. वायरलेसमध्ये ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. −९० डीबीएमचे एकमेकांशी संबंध नसलेले दोन सिग्नल एकत्र आले तर −८७ होतात, −१८० नाही.

टिपणाचा कागद

पेपरमागे एक पान पुरे. वर प्रश्न स्वतःच्या शब्दांत. खाली मुख्य आकडा, त्याची मर्यादा, एकक. मग ती कच्ची जागा: तुलनेचा गट, गृहीतकाचं वाक्य किंवा वगळलेल्यांची संख्या, पान क्रमांकासह. शेवटी ‘हे खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं होतं’ ही एक ओळ. ती लिहिता येत नसेल तर पेपर अजून समजलेला नाही, दुसऱ्यांदा वाचा.

आवृत्तीही नोंदवा. अर्थशास्त्राचा पेपर मसुदा म्हणून वर्षानुवर्षं फिरतो आणि छापला जाईपर्यंत आकडे बदलतात. वायरलेसमध्ये तेच काम आधी परिषदेत आणि मग नियतकालिकात येतं, आणि दुसऱ्यात सिद्धता पूर्ण असते. अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमाने असतात, म्हणून पहिलं नाव पाहून कामाचा वाटा ठरवू नका.

आकडा जुळत नसेल तर लेखकाला पत्र लिहिताना टेबल, ओळ, तुमचं सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती आणि तुम्हाला मिळालेला आकडा इतकंच द्या, सोबत कोडची फाइल जोडा. ‘निकाल चुकला आहे’ असं पहिल्या पत्रात लिहू नका. निम्म्या वेळा चूक आपल्याच कोडमध्ये, गाळलेल्या ओळींच्या फिल्टरमध्ये निघते.