पहिलं बिल आणि १०५ दिवस

२०२२च्या ऑगस्टमध्ये मी एका भाषांतर एजन्सीसाठी पहिलं मोठं काम केलं. एका यंत्राचं मॅन्युअल, जर्मनमधून इंग्रजीत, २४,००० शब्द, दीड रुपया शब्द. १२ तारखेला फाइल पाठवली आणि त्याच रात्री मनातल्या मनात ३६,००० रुपये खर्चूनही टाकले. पैसे खात्यात आले २५ नोव्हेंबरला, तेही ३२,४००. मधल्या १०५ दिवसांत मला कुणी फसवलं नाही की कुणी उद्धट बोललं नाही. एजन्सी पुण्यातलीच, माणसंही सज्जन. उशीर झाला तो निव्वळ कागदांमुळे, आणि त्यातला निम्मा माझ्या अज्ञानामुळे.

रानडेतून, म्हणजे पुण्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमधून, बाहेर पडताना शब्दाला दर किती मागायचा हे सीनियर्स सांगतात. बिल कसं करायचं हे मात्र कुणीच सांगत नाही.

काम सुरू होण्याआधी वेंडर फॉर्म येतो, म्हणजे काम करणाऱ्याची त्यांच्याकडची नोंदणी. पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक, सही केलेला एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार आणि जीएसटी नसेल तर तसं लिहून दिलेलं पत्र. आठवड्याचं काम वाटतं. मला तीन आठवडे लागले. पॅनवर माझं माहेरचं नाव, बँकेत लग्नानंतरचं. त्यांच्या सिस्टीमला या दोन वेगळ्या बायका वाटल्या. शिवाय माझ्या चेकवर नावच छापलेलं नव्हतं. खातं उघडताना जे किट हातात देतात, त्यातल्या चेकबुकावर बऱ्याचदा नाव नसतं. कोथरूडच्या शाखेत जाऊन नाव छापलेलं चेकबुक मागवलं, ते यायला आठ दिवस. शेवटी खात्यालाच पुन्हा माहेरचं नाव लावून घेतलं. सासूबाईंनी कारण विचारलं, तर म्हटलं, अकाउंट्सवाल्यांचा हट्ट.

जीएसटीच्या पत्राला घाबरू नका. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी साधारणपणे लागत नाही; आपण त्या आकड्याच्या खूप अलीकडे. बहुतेकांना साध्या कागदावर सही चालते. एका एजन्सीनं मात्र स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मागितलं होतं, तेव्हा शिवाजीनगर कोर्टापाशी रांगेत उभी राहिले होते. तेव्हा १०० रुपयांत भागलं. ऑक्टोबर २०२४पासून १०० आणि २०० रुपयांच्या कामांना ५००चा स्टॅम्प लागतो, त्यामुळे हल्ली मी आधी विचारते, ‘साध्या कागदावर चालेल का?’ चालतं बहुधा.

आता त्या १०५ दिवसांचा हिशेब. एका महिन्यात केलेल्या कामाचं बिल पुढच्या महिन्याच्या १ ते ५ तारखेत द्यायचं, हा त्यांचा नियम. ३ सप्टेंबरला घरी गौरी यायच्या होत्या. सासूबाईंची हाक यायच्या आत बिल पाठवून मोकळी झाले. पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर मला आठवड्यापूर्वीच मेलवर आली होती, पण तिचा नंबर बिलावर टाकायचा असतो हे माहीतच नव्हतं. १९ सप्टेंबरला एका ओळीचं उत्तर आलं, ‘पीओ नंबर नाही, बिल परत.’ त्याच संध्याकाळी दुरुस्त करून पाठवलं. पण सप्टेंबरची खिडकी बंद झाली होती. बिल ५ ऑक्टोबरला दाखल धरलं गेलं. पैसे द्यायची त्यांची मुदत तिथून ४५ दिवस, म्हणजे १९ नोव्हेंबर, आणि पैसे सोडतात महिन्यातून दोनदाच, १० आणि २५ तारखेला.

पहिल्याच वेळी नंबर टाकला असता तर पैसे २५ ऑक्टोबरला आले असते, पाडव्याच्या आदल्या दिवशी. एका नंबरापायी तो महिना गेला. फराळाचं सामान आईच्या पैशांनी आणलं, ते अजून ऐकून घेते.

त्यामुळे ‘नेट ४५’ असं लिहिलेलं दिसलं की ४५ दिवस कशापासून, हे आधी विचारा. काम दिल्यापासून, बिलाच्या तारखेपासून की त्यांनी बिल मान्य केल्यापासून? तिन्हींत महिन्याचा फरक पडू शकतो. पीओ हातात आल्याशिवाय फाइल उघडूसुद्धा नका. ‘तू सुरू कर, पीओ उद्या पाठवते’ असं पीएम, म्हणजे एजन्सीची प्रोजेक्ट मॅनेजर, गोड आवाजात सांगते. तिच्या मनात काही नसतं, पण पैसे सोडणं तिच्या हातात नाही. अकाउंट्सच्या लेखी पीओ नसलेलं काम झालेलंच नसतं.

३,६०० रुपये गेले टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकरात. तेव्हाच्या १९४जे कलमाखाली १० टक्के कापले. काही जण कंत्राटदार धरून तेव्हाच्या १९४सीखाली १ टक्काच कापत. कुठलं कलम लावणार ते आधी विचारलेलं बरं, हातात येणारा आकडा बदलतो. पॅन दिला नाही किंवा आधारशी जोडलेला नसेल तर २० टक्के. कापलेले पैसे बुडत नाहीत, पण तुमचेच पैसे तुम्हाला पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर मिळतात, तेही तुमच्या उत्पन्नावर तेवढा कर बसत नसेल तर. एजन्सीचं टीडीएसचं विवरण तीन महिन्यांतून एकदा जातं. जानेवारी ते मार्चचं तर ३१ मेपर्यंत चालतं. म्हणून मार्चमध्ये कापलेली रक्कम एप्रिलमध्ये आयकराच्या साइटवरच्या आपल्या करकपातीच्या पत्रकात शोधून जीव काढू नका. जूनमध्ये मात्र नक्की बघा. एका ठिकाणी माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकवून माझे पैसे भलत्याच कुणाच्या नावावर जमा केले होते. दुरुस्तीचं विवरण भरून घ्यायला चार महिने मागे लागावं लागलं.

परदेशी एजन्सी त्या मानानं सुटसुटीत. अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे असल्याचं पत्र, भरायचा आणि दर काही वर्षांनी नव्यानं द्यायचा. बाकी वाट बघणं तेवढंच.

आता उद्यमबद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, कारण हे मला फार उशिरा कळलं. आपल्यासारखी एकटी सेवा देणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. सरकारी साइटवर फुकट होते, आधारचा ओटीपी लागतो. दोन हजार रुपये मागणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करा. २००६च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण कामाच्या आधीच नोंदणी केलेली बरी, जुन्या बिलासाठी आज नोंदणी करून उपयोग होईलच असं नाही.

पैसे अडकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी कधी केली नाही. पुण्यात जर्मनचं काम देणाऱ्या एजन्सी मोजक्या, आणि पीएम मंडळी या एजन्सीतून त्या एजन्सीत जात असतात. याला भित्रेपणा म्हणा हवं तर.

तक्रार न करताही फरक पडला, तो आयकरामुळे. ४३बी(एच) कलम २०२३-२४पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च एजन्सीला करासाठी दाखवता येत नाही. मार्च २०२४मध्ये ज्या अकाउंट्सच्या मुलाला मी दीड वर्ष मेल करत होते, त्याचा स्वतःहून फोन आला, ‘मॅडम, तुमचं उद्यम आहे का हो? सर्टिफिकेट पाठवता? आणि जुनं काही पेंडिंग आहे का?’ होतं, १८,००० रुपयांचं. २८ मार्चला आलं.

हल्ली बिल पाठवलं की दुसऱ्याच दिवशी मी त्याला एक ओळ लिहिते, ‘बिल मान्य झालं का, आणि कुठल्या २५ तारखेला धरू?’ उत्तर नाही आलं तर मंगळवारी फोन करते. सोमवारी तो उचलत नाही.