टेक्ससच्या कॉलेजात पहिला सामाजिक विषय निवडताना

ऑगस्ट उजाडला की आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणाचा तरी लॅपटॉप उघडा असतो. गेल्या वर्षी संगमनेरची एक मुलगी आली होती. बारावी सायन्स, इथे कंप्युटर सायन्सला प्रवेश. बाकीचे विषय भराभर ठरले आणि एका रकान्यापाशी ती अडली. सोशल अँड बिहेवियरल सायन्सेस, ३ क्रेडिट. "काकू, यातला सगळ्यात सोपा कुठला?"

हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशेब समजून घ्या. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, ठरलेले क्रेडिट जमले की पदवी. टेक्ससच्या सरकारी कॉलेजात पदवीच्या साधारण १२० क्रेडिटपैकी ४२ कोअरचे, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या विषयांचे असतात, मग तुम्ही इंजिनिअर व्हा की नर्स. त्यात अमेरिकन इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ ठरलेलेच. त्या गव्हर्नमेंटमध्ये देशाच्या राज्यघटनेबरोबर टेक्ससचीही घटना शिकावी लागते. गव्हर्नमेंट घेतलं की सामाजिक शास्त्राचं काम झालं असं पुष्कळांना वाटतं, पण ते ३ क्रेडिट वेगळे. तिथे सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इकॉनॉमिक्स, अँथ्रोपॉलॉजी (मानववंशशास्त्र), भूगोल यांतलं एक निवडायचं.

आपल्याकडे दहावीनंतर एकदा सायन्स घेतलं की या विषयांशी संबंधच संपतो. आर्ट्सच्या मुलांनी काय केलं हे आपण कधी विचारलेलंही नसतं. म्हणून मग "सोपा कुठला" एवढंच सुचतं. माझं म्हणणं असं की त्या विषयात दर आठवड्याला हाताने काय करावं लागतं ते बघा. ते सिलॅबसमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि इथल्या सरकारी कॉलेजांना पदवीच्या वर्गांचे सिलॅबस वेबसाइटवर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याच प्राध्यापकांचा मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस काढा आणि गुण कसे वाटलेत ते वाचा. परीक्षा किती, लेखन किती, हजेरीला गुण आहेत का. विषयाच्या नावापेक्षा त्या एका पानावर जास्त कळतं.

सायकॉलॉजी, म्हणजे २३०१ नंबरचा कोर्स, सगळ्यात जास्त मुलं घेतात. वर्ग बहुधा मोठा, परीक्षा बहुपर्यायी, पाठांतर भरपूर. मनाविषयी गप्पा असतील या समजुतीने गेलेली मुलं मेंदूच्या पेशी आणि प्रयोगांची रचना पाहून दचकतात. बऱ्याच विद्यापीठांत दुसऱ्यांच्या संशोधनात काही तास भाग घ्यावा लागतो किंवा त्याऐवजी दुसरं काम करावं लागतं, त्याची वेळ आधीच धरा. डॉक्टर व्हायचं असेल तर मात्र फार विचार करू नका. २०१५ पासून एमकॅटमध्ये, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा वेगळा विभाग आहे, दोन्ही लागणार.

इकॉनॉमिक्समध्ये २३०१ मॅक्रो (अख्ख्या देशाचं अर्थकारण), २३०२ मायक्रो (ग्राहक आणि कंपन्यांचं). बिझनेसला जाणार असाल तर दोन्ही लागतातच, मग इथेच एक उरकून टाका. आपली बारावी कॉमर्सची मुलं यात खूश असतात, कारण मागणीतला विस्तार-संकोच वेगळा आणि मागणीतली वाढ-घट वेगळी हे त्यांनी घोटलेलं असतं. पहिल्या परीक्षेत वर्गाचे सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. मागणीच्या वक्रावरून खाली-वर सरकायचं की अख्खा वक्रच हलवायचा हे कागदावर काढून काढूनच बसतं.

आता माझ्या मनातला विषय. मी साताऱ्याची बी.कॉम., नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि कम्युनिटी कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून शिकले. इकॉनॉमिक्सचा वर्ग भरला होता म्हणून सोशिऑलॉजीत नाव घातलं. पहिलाच गृहपाठ: एका सार्वजनिक जागी अर्धा तास बसा आणि दिसेल ते लिहा. मी आमच्या अपार्टमेंटजवळच्या नाण्यांच्या लाँड्रीत बसले. दोन बायका पलंगपोसाची चार टोकं धरून घडी घालत होत्या, पुढे येत, मागे जात, एक शब्दही न बोलता. मी लिहिलं, "दोघी बहिणी होत्या." प्राध्यापकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात विचारलं होतं, हे तुम्हाला कशावरून कळलं?

मी त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत बसले. पाहिलेलं आणि मनाने जोडलेलं यांतला फरक मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी दाखवला होता. नव्या देशात आपण दिवसभर हेच तर करत असतो. शेजारी हसला नाही की तो आखडू, कॅशियर गोड बोलली की ती मैत्रीण. या विषयाने मला इथल्या माणसांकडे बघायला शिकवलं, म्हणून ज्याची निवड मोकळी आहे त्याला मी हाच सुचवते. यात लिहावं लागतं आणि इंग्रजीची भीती वाटते, हे खरं आहे. पण छोट्या वर्गात ती लवकर जाते.

अँथ्रोपॉलॉजीही त्याच जवळची. २३४६ मध्ये हाडं, उत्क्रांती, उत्खनन सगळं थोडं थोडं येतं, २३५१ फक्त संस्कृतीचा. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले ते मुख्यतः अर्थशास्त्रासाठी. पण भारतातल्या जातींवरचा त्यांचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ ला अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला. दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाऊन बसण्याचं मोल मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

लेखनाचा कोर्स घेणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. आपल्या बोर्डात पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहिलं की पूर्ण गुण मिळतात. इथे तीच चोरी ठरते. ओळखीतल्या एका मुलाने पाठ्यपुस्तकातला परिच्छेद तसाच उतरवला, शून्य मिळालं आणि वर लेखी ताकीद. त्याला शेवटपर्यंत कळेना की चुकलं काय. कुणाचंही वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह आणि नाव, आणि शंका असेल तर ऑफिस अवर्समध्ये जाऊन विचारा. प्राध्यापक त्या वेळेला तुमच्यासाठीच बसलेले असतात.

विषय जमत नाही असं वाटलं तर लवकर ठरवा. नेहमीच्या फॉल-स्प्रिंग सेमिस्टरमध्ये वर्गांच्या १२व्या दिवसापर्यंत सोडला तर नोंद राहत नाही. त्यानंतरचे ड्रॉप मोजले जातात, आणि टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत अख्ख्या पदवीत तसे ६ च मिळतात. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर १२ क्रेडिटच्या खाली जाण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी घ्या. परवानगी आधी, ड्रॉप नंतर. आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन कोर्स एकच धरतात, म्हणून "घरबसल्या सायकॉलॉजी" घेताना बाकीचे वर्ग मोजून बघा.

पुस्तक पहिल्या तासाआधी विकत घेऊ नका. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि इकॉनॉमिक्सची पुस्तकं नेटवर फुकट आहेत, पुष्कळ प्राध्यापक तीच लावतात. संगमनेरच्या मुलीने त्या रात्री सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजीचं पहिलं पहिलं प्रकरण माझ्याच टेबलावर वाचलं, मग ठरवलं. तिने सायकॉलॉजी घेतली.