नर्सेसच्या घर-ड्यूटीचा तोल मोजताय? या चुका टाळा

"मॅडम, उत्तरं चांगलीच आलीत," म्हणत विद्यार्थिनीने नर्सेसनी भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. पाचपैकी चार, पुढच्याला चार, त्याच्या पुढच्यालाही चार. त्याच वॉर्डात त्या महिन्यात माणसं कमी म्हणून डबल ड्यूट्या चालल्या होत्या. फॉर्म वाटले कुणी, मी विचारलं. इनचार्ज सिस्टरनी. गोळाही त्यांनीच केले, हँडओव्हरच्या गडबडीत. जिच्या हातात रोस्टर, तिच्याच हातात "माझा ऑफ वेळेवर मिळत नाही" असं लिहून कोण देईल?

तेव्हापासून माझा हट्ट असतो की फॉर्मवर नाव नको, पाकीट बंद, आणि पेटी इनचार्जच्या टेबलापासून लांब. सहीचं संमतीपत्र फॉर्मला स्टेपल करू नका. बऱ्याच जणी करतात, आणि मग नाव न लिहिल्याचा उपयोग शून्य.

दुसरी चूक भाषेची. "कार्य-जीवन संतुलन" वाचून खानापूरकडच्या एका सिस्टरनी विचारलं, "संतुलन म्हणजे, बीपीचं काय?" त्यापेक्षा "ड्यूटीमुळे घरची कामं राहून जातात" असं सरळ लिहा. बेळगावच्या एकाच वॉर्डात एकीला मराठी फॉर्म लागतो, दुसरीला कन्नड. दोन्ही भाषांतरं मूळ इंग्रजीवरून वेगवेगळी करा. मराठीवरून कन्नड केलं की एकातली चूक दुसऱ्यात उतरते. मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ती परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नांशी ताडून पाहा. ब्रिस्लिन या संशोधकाने १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही उपयोगी पडते.

आकडेमोडीत सर्वांत जास्त घोळ उलट्या विधानांचा. हा तोल मोजायला हेमन या संशोधकाची २००५ची प्रश्नावली अनेकजणी घेतात. विधानं १५, उत्तरं १ ते ७. काही विधानं त्रासाची, काही समाधानाची. त्रासाच्या विधानाला ६ आले तर ते ८ मधून वजा करून २ धरायचे. हे विसरलं की त्रास आणि समाधान एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सरासरी मधोमध येऊन बसते. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७० च्या बराच खाली, किंवा चक्क उणे आला, तर फॉर्म फेकू नका. आधी उलटी विधानं तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

याच प्रश्नावलीचे तीन भाग आहेत: नोकरीचा घराला त्रास, घराचा नोकरीला त्रास, आणि दोन्हींचा एकमेकांना आधार. तिन्हींचा एकच आकडा काढू नका. सासू अंथरुणाला खिळलेली सिस्टर आणि सलग नाईट करणारी सिस्टर त्यात सारख्याच दिसतील, आणि दोघींचा उपाय वेगळा आहे.

नाईट उतरलेल्या बाईला फॉर्म देऊ नका. दुपारी झोपून उठल्यावर द्या, आणि "गेल्या चार आठवड्यांत" असा काळ लिहा, नाहीतर ती कालच्याच रात्रीचं सांगते. त्या चार आठवड्यांत नाईट किती झाल्या, हेही वेगळं विचारा.

रजेवर असलेल्यांना सोडणं हीही चूकच. बाळंतपणाच्या रजेवरच्या सिस्टरला घरी पाकीट पाठवायला काय हरकत आहे?

आणि ड्यूटीचे तास विचारून थांबू नका. दुपारी दोनला सुटलेली निपाणीची सिस्टर बस मिळेपर्यंत स्टँडवरच असते. आता आम्ही एक प्रश्न जास्तीचा घालतो: "घराच्या दाराला हात लागेपर्यंत किती वाजतात?"